प्लास्टिकची बदकं आणि 'अचूक' मोजणी: एक गाजलेला शोधनिबंध वाचताना

संशोधन आराखडा लिहायला बसलेल्या मुलांकडून सध्या एक विषय हमखास ऐकू येतो: ड्रोनने वरून फोटो काढायचे, संगणकाला पक्षी ओळखायला शिकवायचं आणि गणना करायची. विषय चांगला आहे. अकोल्यासारख्या तालुक्यात राहून करता येण्यासारखाही आहे. भंडारदरा आहे, निळवंडे आहे, प्रवरेचं पात्र आहे आणि हिवाळ्यात पाण्यावर बदकं, वारकरी उतरतात. पण आराखडा वाचायला घेतला की पहिल्याच परिच्छेदात बहुतेक वेळा हे वाक्य भेटतं: 'ड्रोनद्वारे केलेली पक्षीगणना मानवी गणनेपेक्षा अधिक अचूक असते, हे सिद्ध झाले आहे.' आणि पुढे २०१८ चा एक संदर्भ.

मुलाखतीत परीक्षक नेमकं याच वाक्यावर बोट ठेवतात. कशापेक्षा अचूक? कुठल्या पक्ष्यासाठी? खरा आकडा कुणाला माहीत होता? इथे बरेच जण अडखळतात, कारण निबंधाचं शीर्षक वाचलेलं असतं, फार तर सारांश. म्हणून आज तोच निबंध घेऊन बसू या. तो वाईट आहे म्हणून नाही. तो चांगला आहे, आणि चांगल्या निबंधातून नेमकं किती घ्यायचं हे शिकणं जास्त अवघड असतं.

प्रयोग काय होता

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठाचा जॅरॉड हॉजसन आणि त्याचे सहकारी यांचा हा निबंध २०१८ मध्ये 'मेथड्स इन इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' या नियतकालिकात आला. ड्रोन माणसापेक्षा वन्यजीव अधिक अचूक आणि अधिक नेमके मोजतात, असं त्याच्या शीर्षकातच म्हटलंय.

त्यांच्यापुढची अडचण साधी होती. रानातले पक्षी खरोखर किती आहेत हे कुणालाच माहीत नसतं. मग माणसाने ८०० सांगितले आणि ड्रोनच्या फोटोत ९५० निघाले, तर बरोबर कोण हे ठरवायचं कसं? त्यांनी यावर मजेशीर तोड काढली. समुद्रकिनाऱ्यावर प्लास्टिकची बदकं मांडून समुद्रपक्ष्यांच्या दहा खोट्या वसाहती तयार केल्या. प्रत्येक वसाहतीत किती बदकं ठेवली हे त्यांना पक्कं माहीत होतं. मग एकीकडे अनुभवी निरीक्षकांनी जमिनीवरून मोजणी केली. दुसरीकडे ३०, ६०, ९० आणि १२० मीटर उंचीवरून ड्रोनने फोटो काढले आणि त्या फोटोंवरून लोकांनी बदकं मोजली. शिवाय फोटोतली मोजणी संगणकाकडून अर्धस्वयंचलित पद्धतीनेही करून पाहिली.

निकाल असा, की ड्रोनच्या फोटोंवरून मिळालेले आकडे जमिनीवरच्या मोजणीपेक्षा सरासरी ४३ ते ९६ टक्के अधिक अचूक होते. संगणकाची मोजणीही बऱ्यापैकी जुळली.

आधी कौतुक

समीक्षा म्हणजे चुका काढणं असा आपल्याकडे समज आहे. आधी हे बघा की या निबंधाने काय साधलं. पक्षीगणनेवरच्या अनेक अभ्यासांत एका अंदाजाची तुलना दुसऱ्या अंदाजाशी केलेली असते. दोन्ही जुळले तर 'पद्धत बरोबर' असा निष्कर्ष काढला जातो. पण दोन घड्याळं सारखीच वेळ दाखवतात म्हणून ती वेळ बरोबर असतेच असं नाही. इथे खरं उत्तर हातात ठेवून दोन्ही पद्धती तपासल्या आहेत. आपल्या विषयात 'खरं उत्तर' कसं तयार करता येईल, हा प्रश्न या निबंधातून उचलण्यासारखा आहे. मुळा नदीतले मासे मोजायचे असोत की हरिश्चंद्रगडावर येणारे पर्यटक, तो सगळीकडे लागू पडतो.

दुसरं म्हणजे त्यांनी फक्त अचूकता पाहिली नाही, नेमकेपणाही पाहिला. हे दोन शब्द मराठीत आपण एकमेकांच्या जागी वापरतो आणि मग आराखड्यात घोळ होतो. आकडा खऱ्याच्या जवळ असणं ही अचूकता. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजली तर आकडे एकमेकांच्या जवळ येणं हा नेमकेपणा. रोज २०० पक्षी कमी मोजणारा माणूस अत्यंत नेमका असू शकतो आणि अत्यंत चुकीचाही.

४३ ते ९६ टक्के, म्हणजे काय?

आता हा आकडा. 'ड्रोनला ९६ टक्के जास्त पक्षी दिसले' असा त्याचा अर्थ काही जणांनी आराखड्यात लिहिलेला मी पाहिलाय. तसा तो नाही. इथे चुकांची तुलना आहे. जमिनीवरच्या मोजणीत जेवढी चूक होती, तिच्या मानाने ड्रोनच्या मोजणीत ती किती घटली, हे तो आकडा सांगतो. म्हणजे जमिनीवरची चूक मुळात किती मोठी होती हे पाहिल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नाही. चूक १०० बदकांची असेल आणि ती ४ वर आली तर ९६ टक्के सुधारणा. चूक ५० ची असेल आणि २ वर आली तरी ९६ टक्केच.

आणि ४३ ते ९६ एवढा मोठा पल्ला का? कारण फोटोचा बारकावा. ड्रोन जितका वर, तितकी फोटोतल्या एका पिक्सेलमध्ये मावणारी जमीन जास्त. उंची दुप्पट केली की पिक्सेलची बाजू दुप्पट होते आणि त्याच पक्ष्यावर पडणारे पिक्सेल एक चतुर्थांश उरतात. आपला चांदवा वारकरी साधारण ४० सेंटीमीटर लांब. एक पिक्सेल म्हणजे २ सेंटीमीटर असेल तर तो फोटोत २० पिक्सेल लांब दिसेल. पिक्सेल ५ सेंटीमीटरचा झाला तर फक्त ८. जवळच पोहणारी टिबुकली त्याहून लहान, ती ५ पिक्सेलचा ठिपका होईल. पाण्यावर तरंगणारी नारळाची करवंटीसुद्धा तशीच दिसते. म्हणून 'ड्रोनने मोजलं' एवढं लिहून भागत नाही. उंची, कॅमेरा आणि पिक्सेलचं माप हे आकड्याचाच भाग आहेत.

प्लास्टिकचं बदक काय करत नाही

या निबंधाची खरी मर्यादा इथे आहे. प्लास्टिकचं बदक उडत नाही, बुडी मारत नाही, गवतात शिरत नाही आणि ड्रोनला घाबरत नाही. सगळी बदकं एका मापाची, उघड्या वाळूवर, जागच्या जागी. अशा ठिकाणी मोजणीत एकच चूक शिल्लक राहते, ती म्हणजे मोजणाऱ्याची. बाजूने बघणाऱ्या माणसाला पुढचं बदक मागच्याला झाकतं, नजर हरवते, एकच ओळ दोनदा मोजली जाते. वरून काढलेला स्थिर फोटो ही चूक फार छान कमी करतो. निबंधाने सिद्ध केलं ते हे, आणि एवढंच.

रानात मात्र चुका तीन ठिकाणी होतात. पहिली, पक्षी त्या क्षणी दिसण्यासारखा असतो का. दुसरी, दिसत असलेला पक्षी ओळखला आणि मोजला जातो का. तिसरी, आपण पाहिलेला तुकडा संपूर्ण जागेचं प्रतिनिधित्व करतो का. हॉजसनचा प्रयोग मधल्या चुकीबद्दल आहे. पहिलीबद्दल आणि तिसरीबद्दल तो काही सांगू शकत नाही, कारण त्याच्या रचनेत त्या होऊच शकत नाहीत.

भंडारदऱ्याच्या पाण्यावर हे लावून पाहा. टिबुकली आणि वारकरी दोघेही बुडी मारणारे. समजा एखादी टिबुकली तिच्या वेळेचा एक तृतीयांश भाग पाण्याखाली असते. हा आकडा उदाहरणापुरता धरा. मग कॅमेरा कितीही भारी असला आणि संगणक एकही ठिपका न चुकवणारा असला, तरी एका फोटोत तीनपैकी दोनच टिबुकल्या येणार. ही चूक कॅमेऱ्याची नाही, त्यामुळे महागडा कॅमेरा घेऊन ती जात नाही. ती काढायची तर काठावर बसून घड्याळ लावून पक्षी किती वेळ वर आणि किती वेळ खाली असतो हे नोंदवावं लागतं. म्हणजे ड्रोनच्या अभ्यासातही दुर्बीण घेऊन थंडीत बसणं चुकत नाही.

पक्षी हलतात त्याचीही अडचण आहे. मोठं जलाशय एका फोटोत मावत नाही. शेकडो फोटो एकमेकांवर थोडे चढवून जोडावे लागतात. पहिल्या आणि शेवटच्या फोटोत दहा-पंधरा मिनिटांचं अंतर पडलं आणि तेवढ्यात थवा या टोकाकडून त्या टोकाला पोहत गेला, तर तो दोनदा मोजला जाईल किंवा एकदाही नाही. प्लास्टिकच्या बदकांच्या बाबतीत हा प्रश्नच नव्हता.

ड्रोनला पक्षी काय म्हणतात

'ड्रोनमुळे पक्ष्यांना त्रास होत नाही' हे आराखड्यांमधलं दुसरं आवडतं वाक्य. त्याला जोडलेला संदर्भ बहुधा २०१५ चा, 'बायॉलॉजी लेटर्स'मधला, फ्रान्समधल्या एका अभ्यासाचा असतो. एलिझाबेथ वास आणि सहकाऱ्यांनी मलार्ड बदकं, रोहित म्हणजे फ्लेमिंगो, आणि चिखलात अन्न शोधणारा ग्रीनशँक यांच्या दिशेने ड्रोनची २०४ उड्डाणं केली. ८० टक्के वेळा ड्रोन ४ मीटरपर्यंत गेला तरी पक्ष्यांच्या वागण्यात दिसण्याजोगा फरक पडला नाही. सरळ वरून खाली येणाऱ्या ड्रोनला मात्र ते जास्त बिचकले.

यातला 'दिसण्याजोगा' हा शब्द सोडू नका. त्याच वर्षी अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या काळ्या अस्वलांवर एक अभ्यास झाला. त्यात अस्वलांच्या हृदयाचे ठोके नोंदले होते. ड्रोन डोक्यावर आल्यावर अस्वलं बहुतेक वेळा पळाली नाहीत, पण त्यांचे ठोके वाढले. म्हणजे जनावर जागचं हललं नाही याचा अर्थ ते शांत आहे असा होत नाही. पक्ष्यांवरच्या अभ्यासात फक्त वागणूक पाहिली होती. तेवढंच त्यातून घ्यावं.

आणि उरलेले २० टक्के? विणीच्या वसाहतीत एकदाच घडलेली गोष्टही पुरेशी असते. २०२१ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका इथे सुरय पक्ष्यांच्या वसाहतीत एक ड्रोन कोसळला. पक्षी वसाहत सोडून उडाले आणि हजाराहून जास्त अंडी तशीच पडून राहिली. तो ड्रोन संशोधनाचा नव्हता, पण कोसळायला संशोधनाचा ड्रोनही कोसळू शकतो.

इथे मोजणीच्या दृष्टीनेही एक मुद्दा आहे. पक्षी उडाले तर फोटोत कमी येतात. म्हणजे त्रास ही नीतीची बाब तर आहेच, पण ती आकड्यातली चूकही आहे. उड्डाणाआधी, उड्डाण चालू असताना आणि नंतर, असं तीनदा काठावरून मोजून ठेवलं तर दोन्हींचा हिशेब एकाच वहीत मिळतो.

संगणकाची बाजू

आता दुसरा निबंध, कारण 'एआय' हा शब्द आराखड्यात जरा जास्तच मोकळेपणाने येतो. २०२२ मध्ये 'इकॉलॉजिकल ॲप्लिकेशन्स'मध्ये बेन वाइनस्टाइन आणि बऱ्याच सहकाऱ्यांचा निबंध आला. जगभरातल्या १३ प्रकल्पांमधून हवाई फोटोंतल्या अडीच लाखांहून जास्त पक्ष्यांवर हाताने चौकटी काढलेल्या होत्या. त्या सगळ्या वापरून त्यांनी एक सर्वसाधारण पक्षीशोधक मॉडेल तयार केलं आणि मग ते मॉडेलने कधीच न पाहिलेल्या ठिकाणच्या फोटोंवर चालवून पाहिलं.

निकाल समजण्यासाठी दोन कल्पना लागतात. खरे पक्षी १,००० असतील आणि मॉडेलला त्यातले ६५० सापडले, तर त्याची पकड ६५ टक्के. मॉडेलने पक्षी म्हणून १,३०० खुणा केल्या आणि त्यातले खरे पक्षी ६५० च निघाले, तर त्याचा खरेपणा ५० टक्के. वाइनस्टाइन यांच्या मॉडेलला नव्या ठिकाणी साधारण हेच आकडे मिळाले: पकड ६५ टक्क्यांच्या थोडी वर, खरेपणा ५० टक्क्यांच्या थोडा वर. त्या ठिकाणचे फक्त १,००० पक्षी हाताने दाखवून मॉडेलला पुन्हा शिकवल्यावर सरासरी पकड ८४ आणि खरेपणा ६९ टक्के झाला.

हे आकडे घेऊन वहीत गणित करा. १,००० पक्ष्यांपैकी ८४० सापडले. खरेपणा ६९ टक्के, म्हणजे एकूण खुणा ८४० भागिले ०.६९, सुमारे १,२१७. संगणकाने दाखवलेला आकडा खऱ्यापेक्षा २०० हून जास्त, आणि त्यातही १६० खरे पक्षी सुटलेले. दोन उलट्या चुका एकमेकींना झाकतात. एखाद्या तळ्यावर योगायोगाने त्या इतक्या जुळतील की एकूण आकडा अगदी १,००० येईल, आणि विद्यार्थी लिहील 'मॉडेलची अचूकता १०० टक्के'. पुढच्या तळ्यावर पांढरे दगड कमी आणि सावल्या जास्त असतील, तिथे हेच मॉडेल तोंडघशी पडेल. म्हणून फक्त एकूण आकडा जुळल्याचं सांगणारा निबंध दिसला की पकड आणि खरेपणा वेगळे दिलेत का, हे आधी शोधा.

वाइनस्टाइन यांच्या निबंधातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे हे फारसे चमकदार नसलेले आकडे त्यांनी सारांशातच दिले. कित्येक निबंधांत ९५-९८ टक्के वाचायला मिळतात. तिथे एक प्रश्न विचारायचा: शिकवायचे फोटो आणि तपासायचे फोटो वेगळे कसे केले? एकाच उड्डाणातल्या एका मोठ्या फोटोचे तुकडे करून, काही शिकवायला आणि काही तपासायला घेतले असतील, तर शेजारशेजारच्या तुकड्यांत तोच प्रकाश, तेच पाणी, तोच थवा असतो. पाठ केलेलाच प्रश्न परीक्षेत आला की मार्क चांगलेच पडतात. खरी परीक्षा दुसऱ्या दिवसाची, दुसऱ्या तळ्याची.

मुंबईचे रोहित आणि २५ टक्के

हे सगळं केसाचे पापुद्रे काढणं वाटत असेल तर ठाण्याच्या खाडीकडे बघा. २०१५ मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला. शिवडी ते न्हावा शेवा सागरी सेतूच्या निमित्ताने बीएनएचएसने २०१८ पासून तिथल्या रोहित पक्ष्यांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. २०२० च्या लॉकडाउनमध्ये नवी मुंबईच्या तळ्यांवर पसरलेल्या गुलाबी थव्यांचे ड्रोन व्हिडिओ देशभर फिरले. आदल्या वर्षीपेक्षा पक्षी २५ टक्क्यांनी वाढल्याचा बीएनएचएसचा अंदाजही बातम्यांत आला. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि निष्कर्ष काढला: माणूस घरात बसला म्हणून पक्षी वाढले.

पण लॉकडाउन सुरू झाला २५ मार्चला. रोहित मुंबईत येतात ते साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून. मार्चअखेरच्या घटनेने डिसेंबरपासून येणाऱ्या पक्ष्यांची संख्या कशी ठरणार? तो व्हिडिओ सुंदर होता, पण व्हिडिओ म्हणजे गणना नव्हे.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. २५ टक्के वाढ खरी मानायची तर दोन्ही वर्षांच्या मोजणीतली चूक त्याहून बरीच लहान हवी. समजा एखाद्या गणनेत चूक दोन्ही बाजूंना २० टक्के आहे. मग पहिल्या वर्षीचे १ लाख म्हणजे ८० हजार ते १ लाख २० हजार, आणि दुसऱ्या वर्षीचे सव्वा लाख म्हणजे १ लाख ते दीड लाख. दोन्ही पल्ले एकमेकांवर चढले. पक्षी वाढलेही असतील, तेवढेच राहिलेही असतील. मुंबईच्या गणनेतली चूक एवढीच होती असं मी म्हणत नाही. आकड्याशेजारी त्याचा पल्ला नसेल तर वाचणाऱ्याला ठरवताच येत नाही, एवढंच म्हणणं आहे.

त्यात भरती-ओहोटी. ओहोटीला रोहित खाडीच्या चिखलात दूरवर पसरतात, भरतीला नेरूळ-सीवूड्सच्या बाजूच्या तळ्यांवर दाटीने गोळा होतात. भरतीच्या वेळी तळ्यावर ड्रोन उडवला तर पक्षीच पक्षी, ओहोटीला उडवला तर तळं रिकामं. एखादा माणूस रिकाम्या तळ्याचा फोटो दाखवून 'इथे पक्षी येत नाहीत, इथे बांधकाम करायला हरकत नाही' असंही म्हणू शकतो. फोटो खरा असेल, पिक्सेल उत्तम असतील आणि निष्कर्ष साफ खोटा असेल.

आणखी एक सापळा आहे. आपल्याकडे आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, बहुतेक ठिकाणी काठावरून, दुर्बिणीने, स्वयंसेवकांच्या बळावर. मोठ्या थव्यात माणूस सहसा कमीच मोजतो. उद्या एखाद्या जलाशयावर ही पद्धत सोडून ड्रोन आणला, तर पक्षी तेवढेच असतानाही आकडा वाढलेला दिसेल. किंवा पक्षी घटलेले असतानाही आकडा तेवढाच राहील, आणि घट झाकली जाईल. अधिक अचूक पद्धत आणल्यामुळे जुन्या वर्षांशी तुलना चुकणं, हे ऐकायला विचित्र वाटतं पण होतं. म्हणून पद्धत बदलायची तर काही वर्षं दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी चालवाव्या लागतात. हॉजसनच्या निबंधाचा आधार घेऊन 'जुनी गणना बंद करा' म्हणणाऱ्याला हे विचारायला हवं.

मग ही पद्धत कुठे शोभते?

पक्षी उघड्यावर आहे, वसाहतीत आहे, जागच्या जागी बसलेला आहे आणि पार्श्वभूमीपेक्षा वेगळा दिसतो, तिथे. अंटार्क्टिका द्वीपकल्पाच्या टोकाजवळच्या डेंजर बेटांवर उपग्रहाच्या चित्रांत पेंग्विनच्या विष्ठेचे डाग दिसले. त्यावरून तिथे मोहीम गेली. जमिनीवरची मोजणी, ड्रोनचे फोटो आणि संगणकी विश्लेषण मिळून अडेली पेंग्विनच्या ७,५१,५२७ जोड्या असल्याचं २०१८ च्या निबंधात आलं. एवढे पक्षी तिथे असल्याची जगाला कल्पना नव्हती. त्या बेटांवर पेंग्विन घरट्यावर बसलेले होते, म्हणजे जवळपास प्लास्टिकच्या बदकांसारखेच. तिथे हॉजसनचा निष्कर्ष निर्धास्त लावता येतो.

अकोल्यात करायचं तर

तालुक्याच्या पश्चिम भागात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. तिथल्या दाट झाडीतल्या पक्ष्यांसाठी ड्रोन जवळपास निरुपयोगी. शीळकरी कस्तूर ओढ्याच्या कपारीत गातो, वरून दिसतं ते फक्त झाडांचं छत. तिथे ठरावीक ठिकाणी थांबून केलेली मोजणी किंवा आवाज नोंदवणारी यंत्रं हीच वाट. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार अभयारण्यात अभ्यासासाठी आणि छायाचित्रणासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि ड्रोनला २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेतच. परवानगीचे महिने वेळापत्रकात धरा, नाहीतर हिवाळा निघून जाईल आणि परवानगी उन्हाळ्यात हातात येईल.

करण्याजोगा विषय मला दिसतो तो असा. अभयारण्याबाहेरचं एक जलाशय, हिवाळा, आणि एक-दोन जाती: वारकरी आणि हळदी-कुंकू बदक. काठावर दोन निरीक्षक, एकमेकांशी न बोलता मोजणारे. त्याच सकाळी वेगवेगळ्या उंचीवरून तीन-चार उड्डाणं, म्हणजे एकाच दिवशीचे आकडे आपसांत किती हलतात हे कळेल. बुडीचा वेळ घड्याळाने. शिकवायला एका जलाशयाचे फोटो, तपासायला दुसऱ्याचे. आणि शेवटी आकडा नाही, पल्ला.

ड्रोनची परवानगी मिळाली नाही तरी बिघडत नाही. गावातल्या चिंचेवर किंवा वडावर बगळ्यांचं सारंगागार असेल तर तिथेही चांगलं काम होतं. घरटी हलत नाहीत. एकाने ८० घरटी नोंदली, दुसऱ्याने स्वतंत्रपणे ७०, आणि दोघांनाही दिसलेली सामायिक ५६. तर अंदाज ८० गुणिले ७० भागिले ५६, म्हणजे १००. दोघांनाही न दिसलेल्या घरट्यांचा अंदाज या गुणाकार-भागाकारातून येतो. पण दुसरा निरीक्षक म्हणून ड्रोन घेतलात तर जपून. ड्रोनला वरची घरटी दिसतात, खाली उभ्या माणसाला खालची. सामायिक घरटी कमी पडतात आणि अंदाज उगाच फुगतो. हे सूत्र दोन्ही नजरा एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरून चालतं, आणि इथे त्या तशा नाहीत. हा एवढा मुद्दा नीट तपासला तरी एमएस्सीचा चांगला प्रबंध होतो.

आता त्या पहिल्या वाक्याकडे. 'ड्रोनद्वारे केलेली गणना अधिक अचूक असते, हे सिद्ध झाले आहे' हे खोडा आणि असं लिहा: 'उघड्या जागेवर, स्थिर असलेल्या, एकसारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांच्या प्रतिकृती मोजताना ड्रोनच्या फोटोंवरून केलेली गणना जमिनीवरच्या गणनेपेक्षा अधिक अचूक ठरली. हालचाल करणाऱ्या आणि बुडी मारणाऱ्या पाणपक्ष्यांसाठी हे कितपत खरे आहे, ते या अभ्यासात तपासले जाईल.' वाक्य लांबलं, पण त्यात तुमचा संशोधन प्रश्न आला. परीक्षकांनी बोट ठेवलं तरी आता बोलायला तुमच्याकडे काहीतरी आहे.